छोट्या तळ्यातल्या बाससाठी पेटीभर ल्युअर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अमेरिकेतल्या बास फिशिंगवर, म्हणजे बास नावाचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गळाने पकडण्यावर, लेख छापलात, तो मी इथे कॅन्ससमध्ये सकाळचा चहा घेता घेता फोनवर वाचला. आधी खूप आनंद झाला, कारण मराठी पेपरात गळाच्या मासेमारीवर कोण लिहितं हो, आणि मग दुसऱ्या कॉलमपर्यंत येईस्तोवर जीव खालीवर व्हायला लागला. लेखात म्हटलंय की बास पकडायचा तर कमीत कमी तीसेक ल्युअरची, म्हणजे आमिष म्हणून वापरायच्या खोट्या भक्ष्यांची, पेटी जवळ हवी, ल्युअर जेवढं मोठं आणि चकचकीत तेवढा मासा मोठा, आणि शेवटी जाता जाता असंही म्हटलंय की आपल्या शेततळ्यांतही हा मासा सोडून बघायला हरकत नाही. तिन्ही गोष्टी मला पटल्या नाहीत आणि तिसरी तर काळजी वाटावी अशी आहे, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, हवं तिथे कापा पण शेततळ्याचा भाग तेवढा ठेवा.

मी लॉरेन्स गावाजवळ राहते, लग्न होऊन आले त्याला अठरा वर्षं झाली. माहेर सांगलीकडचं. लहानपणी बाबांबरोबर कृष्णेच्या काठी बसायचे, वेळूची काठी, गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा, आणि दोऱ्याला मोराच्या पिसाची दांडी बांधलेली, ती बुडाली की ओढायचं. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं करमायचं नाही, मग शेजारच्या काकूंनी एकदा त्यांच्या भावाच्या शेतावर नेलं. तिथे गुरांना पाणी पाजायला बांध घालून केलेलं तळं होतं, जेमतेम पाऊण एकराचं. काठावर पाणकणसं, एका बाजूला हेज ॲपलची काटेरी झाडं, उथळ बाजूला गुडघाभर चिखलात उभ्या गाई. अशी तळी इथे गावोगाव आहेत. १९३० च्या दशकात इकडे मोठा दुष्काळ पडला, धुळीची वादळं झाली, त्यानंतर सरकारच्या मृदसंधारण खात्याने शेतकऱ्यांना अशी तळी बांधायला मदत केली, आणि अलाबामात ऑबर्नला होमर स्विंगल नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच सुमारास तळ्यांवर प्रयोग करून दाखवलं की बास आणि ब्लूगिल असे दोन मासे ठराविक प्रमाणात एकत्र सोडले तर तळं वर्षानुवर्षं माणसाला खायला मासा देतं. ब्लूगिल म्हणजे तळहाताएवढा चपटा मासा, तो किडे खातो, त्याची पिल्लं बास खातो. हे एवढं समजलं की ल्युअरचं निम्मं समजलं असं मी म्हणेन.

कारण ल्युअर म्हणजे काय तर खोटं भक्ष्य. मग आधी बघायला नको का की त्या तळ्यातला बास खरं काय खातो? मोठ्या जलाशयात शॅड नावाच्या चंदेरी माशांचे थवे असतात, तिथे चंदेरी चकचकीत ल्युअर शोभतं. आमच्या गुरांच्या तळ्यात शॅड नसतात. असतात दोन-तीन इंची ब्लूगिल, बेडूक, चतुराच्या अळ्या, झिंग्यासारखे क्रॉफिश, वरून पडलेले टोळ. आणि बासही आकाराने फार मोठे नसतात, बहुतेक १० ते १४ इंच. त्यांच्यापुढे आठ इंची रंगीत ल्युअर धपकन टाकलं की ते खायच्या ऐवजी पळतात, पाण्यात तळंभर वी आकाराची लाट उठते आणि मग पुढचा अर्धा तास काही होत नाही. छोट्या तळ्याचं हेच आहे, एक चूक सगळ्या तळ्याला कळते. मी पहिल्या वर्षी दुकानातून तयार पेटीच आणली होती, त्यातली निम्मी ल्युअरं कधी ओलीसुद्धा झाली नाहीत.

आता मी तळ्यावर गेले की पहिली दहा मिनिटं रॉड जमिनीवरच ठेवते. काठाने हळू चालते, सूर्य असा ठेवते की माझी सावली पाण्यावर पडणार नाही. काठालगत ब्लूगिलची पिल्लं एकदम उसळली तर खाली कोणीतरी आहे. मग दोऱ्याच्या टोकाला पांढरं काहीतरी बांधून पाण्यात सोडते आणि ते कुठवर दिसतं ते बघते. दोन फुटाच्या खाली दिसत असेल तर पाणी स्वच्छ धरायचं, वीतभरात दिसेनासं झालं तर गढूळ. गुरं पाण्यात उतरत असली आणि माती चिकण असली की तळं पाऊस नसतानाही गढूळ राहतं, आणि ह्या एका गोष्टीने रंग ठरतो, बाकी कशानेही नाही. स्वच्छ पाण्यात हिरवट तपकिरी, इथे त्याला ग्रीन पम्पकिन म्हणतात, आपल्याकडच्या शेवाळल्या दगडाचा रंग. गढूळ पाण्यात काळा किंवा काळा-निळा, कारण गढुळात रंग दिसतच नाही, दिसते ती आकृती, आणि काळी आकृती सगळ्यात ठळक. शिवाय माशाच्या दोन्ही कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिच्याने त्याला पाण्यातला हादरा कळतो, म्हणून गढुळात मी फिरती पाती असलेला स्पिनरबेट वापरते, त्यातही गोल पातं. निमुळतं पातं चमकतं जास्त, गोल पातं धडधडतं जास्त. रॉडच्या मुठीपर्यंत ती धडधड हाताला लागते, ती थांबली की समजायचं पात्यात गवत अडकलं नाहीतर मासा लागला.

माझ्याकडून विचाराल तर छोट्या तळ्याला चार प्रकार पुरतात आणि त्यातलाही पहिला एकटा हातात दिला तरी माझी तक्रार नसेल. तो म्हणजे मऊ प्लॅस्टिकची साधी कांडी, ज्याला स्टिकबेट म्हणतात. गॅरी यामामोटो नावाच्या गृहस्थांनी १९९० च्या दशकात सेन्को नावाची अशी कांडी काढली, दिसायला अगदी पेन्सिलीचा तुकडा, ना शेपूट ना पाय ना डोळे, आणि दुकानात बघून कुणालाही वाटेल ह्याला मासा काय म्हणून लागणार. गंमत त्याच्या वजनात आहे. प्लॅस्टिकमध्ये मीठ भरपूर घातलेलं असतं त्यामुळे वेगळं शिसं न लावताही ती हळूहळू बुडते आणि बुडताना तिची दोन्ही टोकं बारीक थरथरतात. पाच इंची मिळते, मी तळ्यासाठी चार इंची घेते. कांडीच्या बरोबर मध्यावर एक छोटी रबरी रिंग चढवायची, त्या रिंगखालून गळ घालायचा म्हणजे कांडी फाटत नाही, आणि पाणकणसांच्या कडेला, अगदी कडेला, हलक्या हाताने टाकायची. आणि मग काहीच करायचं नाही. नवीन माणसाला हेच जमत नाही, तो लगेच रील फिरवायला लागतो. दोरा सैल सोडायचा, मनात दहा आकडे मोजायचे आणि नजर ठेवायची ती कांडीवर नाही, पाण्यावर पडलेल्या दोऱ्यावर. बहुतेक वेळा मासा कांडी खाली जातानाच घेतो, हाताला काही कळत नाही, फक्त दोरा टिचकी मारल्यासारखा हलतो नाहीतर आपोआप बाजूला सरकायला लागतो. ते दिसलं की सैल दोरा गुंडाळायचा आणि रॉड वर. मला पहिल्यांदा तो दोरा सरकताना दिसला तेव्हा बाबांची मोरपिसाची दांडी आठवली, तीही अशीच आधी जरा थरथरायची आणि मग तिरपी होऊन जायची.

दुसरं आमच्या गावाचंच म्हणायला हवं. लॉरेन्सचे नेड केहडी म्हणून आहेत, विद्यापीठात दस्तऐवजांचं काम करायचे आणि मासेमारीवर लिहायचे, त्यांच्या नावाने नेड रिग ओळखतात. आळंबीसारख्या चपट्या डोक्याचा छोटा गळ, वजन १/१६ औंसच्या आसपास म्हणजे दोन ग्रॅमच्या खाली, आणि त्यावर पावणेतीन इंचाचा प्लॅस्टिकचा तुकडा. कितीतरी जण जुन्या स्टिकबेटचं फाटलेलं टोक कापून हाच तुकडा करतात. थंडीत, वारं फिरल्यानंतर, किंवा तळ्यावर आधी खूप लोक येऊन गेले असतील तेव्हा मासे तोंड उघडत नाहीत, त्या दिवशी हे चालतं. तळाला टेकवायचं, जरा ओढायचं, थांबायचं. तिसरा स्पिनरबेट, त्याचं वर सांगितलं. आणि चौथा पोकळ रबरी बेडूक, जो उन्हाळ्यात तळ्यावर शेवाळाचा जाड थर येतो तेव्हा लागतो. ह्याचे दोन गळ वरच्या बाजूला पाठीला चिकटून असतात त्यामुळे शेवाळातून ओढला तरी अडकत नाही. मासा खालून शेवाळ फोडून घेतो तेव्हा केवढा आवाज होतो, आणि घाईत लगेच रॉड उचलला तर बेडूक हवेत आणि मासा पाण्यात, म्हणून बेडूक दिसेनासा होऊन दोरा ताणला जाईपर्यंत थांबायचं, मगच झटका.

आता लेखात फोटोसकट कौतुक केलेल्या क्रँकबेटबद्दल, म्हणजे पोटाखाली तीन आकड्यांचे दोन दोन गळ लटकणारी लाकडी नाहीतर प्लॅस्टिकची मासळी. लॉरी रापाला यांनी १९३६ मध्ये फिनलंडमध्ये बुचाच्या लाकडाला चॉकलेटची चांदी गुंडाळून अशी पहिली मासळी केली, ती कलाकुसर खरीच सुंदर आहे आणि मोठ्या पाण्यात ती वापरावीच. पण गुरांच्या तळ्यावर नको, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी माझं असं एक ल्युअर पाण्यावर वाकलेल्या विलोच्या फांदीत अडकलं, मी ओढलं, दोरा तुटला. संध्याकाळ झाली होती, ल्युअर फांदीवरच राहिलं आणि मी उद्या बघू म्हणून घरी आले. ते उद्या आलंच नाही. दोन आठवड्यांनी शेतमालक आजोबांचा फोन आला, ये म्हणाले, एवढंच. गेले तर गोठ्यात एक वासरू बांधलेलं आणि त्याच्या खालच्या ओठात माझं ल्युअर. एक गळ ओठात, दुसरा हनुवटीच्या केसात. फांदी वाऱ्याने मोडून काठावर पडली होती. मी वासराचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, ते थरथरत होतं आणि त्याचा गरम श्वास माझ्या मनगटावर लागत होता, आजोबांनी कुंपणाची तार कापायच्या पक्कडीने गळाचं टोक पुढे काढून उलटा काटा कापला आणि मग उरलेला गळ मागे ओढून घेतला. मला एक शब्द बोलले नाहीत. ते ल्युअर तेवढं माझ्या हातावर ठेवलं. तळं बंद केलं असतं तरी मी काही म्हणू शकले नसते, त्यांनी केलं नाही.

त्यानंतर गुरांच्या तळ्यावर मी तीन आकड्यांचा गळ नेलेला नाही. एकच गळ, आणि त्याचाही उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करते. मासे जास्त सुटतील असं वाटतं ना, दोरा ताणलेला ठेवला तर फारसे सुटत नाहीत. आणि फाटलेल्या प्लॅस्टिकच्या कांड्या खिशात घालून घरी आणते, कारण त्या पाण्यात फुगतात, मासे गिळतात आणि त्यांच्या पोटात राहतात. लोक सर्रास काठावर टाकून जातात, बघून फार वाईट वाटतं. ल्युअर निवडायचं म्हणजे मासा कशाला भुलेल एवढंच बघून चालत नाही, तुटून मागे राहिलं तर कोणाच्या तोंडात जाईल तेही बघायला हवं आणि तुमच्या लेखात ह्याबद्दल एक ओळ नव्हती.

आता शेततळ्याचं. बास आपल्याकडे आणायचा विचार कृपा करून कोणी करू नये. हा मासा तोंडात मावेल ते खातो, मासे, बेडूक, बदकाचं पिल्लूसुद्धा. जपानमध्ये १९२५ ला आशी तलावात तो आणून सोडला, पुढे तो सगळीकडे पसरला, बिवा तलावात तिथल्या मूळच्या माशांची दैना झाली आणि शेवटी २००५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने त्याला घातक परकी प्रजाती ठरवावं लागलं. ब्लूगिलची गोष्ट तर अजून चटका लावणारी आहे. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ते मासे भेट दिले, खाण्यासाठी वाढवता येतील म्हणून त्यांनी ते जपानच्या मत्स्यसंस्थेला दिले, ते पसरले, आणि २००७ मध्ये सम्राट असताना त्यांनी जाहीरपणे त्याबद्दल खेद व्यक्त केला. स्वतः माशांचे अभ्यासक असलेल्या माणसाच्या हातून हे झालं. विशेष म्हणजे त्याच बिवा तलावात २००९ ला मानाबु कुरिता यांनी २२ पौंड ५ औंसांच्या आसपासचा बास पकडून जॉर्ज पेरी यांच्या १९३२ च्या जॉर्जियातल्या विक्रमाशी बरोबरी केली. लेखात तो विक्रम कौतुकाने दिलाय, पण तो मासा तिथे काय खाऊन एवढा झाला हे दिलं नाही. आणि आपल्याला परकं उदाहरण तरी कशाला हवं, थाई मागूर ह्या बाहेरून आलेल्या मांसाहारी माशावर २००० पासून देशात बंदी आहे तरी तो अजून सापडतोच. शेततळं पावसाळ्यात भरून वाहिलं की ओढ्यात, ओढ्यातून नदीत, मग त्याला परत कोण आणणार.

ज्यांना शेततळ्यावर गळ टाकायची हौस आहे त्यांना आपला मरळ आहे की! तोही दबा धरून बसतो, तोही गवताच्या कडेला असतो, आणि वर सांगितलेला रबरी बेडूक मरळ असा काही घेतो की बास त्याच्यापुढे मवाळ वाटावा. मागच्या पावसाळ्यात माहेरी आले होते तेव्हा चुलतभावाच्या विहिरीशेजारच्या जुन्या डबक्यावर मी तो टाकून बघितला, तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं. दोरा मात्र जाड विणलेला हवा, मरळाचे दात बारीक पण धारदार असतात. फक्त पावसाळ्याच्या तोंडाला लाल पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर तिथे ल्युअर टाकू नका, खाली आईबाप राखणीला असतात, ते चिडून हमखास गळाला लागतात आणि मग पिल्लं उघडी पडतात. बासचा नरही असाच अंडी राखतो, इथे एप्रिल-मेमध्ये उथळ पाण्यात ताटाएवढा साफ केलेला गोल दिसतो, मी ती जागा सोडून पुढे जाते. आणि रोहू-कटल्याच्या शेततळ्यात ल्युअरचा उपयोग नाही, ते मासे दुसऱ्या माशाच्या मागे धावणारे नाहीत, त्यांना कणकेचा गोळाच. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच शेततळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तर असतं, लटकते तीन आकड्यांचे गळ तळाला घासत ओढले आणि अस्तर फाटलं तर त्या शेतकऱ्याचं उन्हाळ्याचं पाणी गेलं. मालकाला विचारल्याशिवाय तर जाऊच नये, इथेही आणि तिथेही.

अजून एक, लेखात पकडलेला प्रत्येक मासा सोडूनच द्यावा असं आहे. मोठ्या पाण्यात ठीक. छोट्या तळ्यात बास फार झाले की सगळे दहा-अकरा इंचांवरच अडकतात, डोकं मोठं आणि अंग वाळलेलं, कारण खायला पुरत नाही. आजोबा म्हणून मला सांगतात, बारा इंचांच्या आतले घेऊन जा. मी हळद-तिखट-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून रव्यात तळते आणि एक डबा त्यांनाही देते.

पत्र लिहायला घेतलं त्याच्या आदल्या संध्याकाळी तळ्यावर गेले होते. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ, वारा पडलेला, ग्रीन पम्पकिनची कांडी पाणकणसांच्या कडेला टाकली आणि सात मोजेपर्यंत दोरा डावीकडे चालायला लागला. चौदा इंची बास, पाठ काळपट हिरवी, कुशीवर काळा पट्टा, पोट भरलेलं. हात ओला करून खालच्या ओठाला धरून वर घेतला तर त्याने माझ्या मनगटावर एक ब्लूगिल ओकला, ताजा गिळलेला, खवले अजून जागच्या जागी. मी तो कांडीच्या बाजूला धरून बघितला, कांडीपेक्षा बोटभर लहान होता. बास पाण्यात सोडला, ब्लूगिल काठावर ठेवला, आणि रॉड आवरेपर्यंत पाणकणसांतून एक बगळा येऊन तो घेऊन गेला.

आपली,
एक वाचक,
लॉरेन्सजवळ, कॅन्सस